माझे गुरुवार

प्रिय नसीमभाभी,

केंद्रप्रमुखांनी दोन पानं लिहून मागितली आहेत. बाहेरून आलेली मुलं आणि त्यांचे आईवडील आपल्या शाळेत कसे रुळले, यावर. प्रशिक्षणात वाचून दाखवायचं आहे. उदाहरण म्हणून तुमच्या आफरीनचं नाव त्यांनीच सुचवलं. ती मुलगी आता इथलीच वाटते, हे तुमचं काम आहे मॅडम, असं म्हणाले. मी नाही म्हटलं नाही.

उद्या द्यायची आहेत. कागदावर "गृहभेट" एवढा एक शब्द लिहिला आणि हात थांबला. त्या शब्दाखाली जे खरं आहे ते केंद्रप्रमुखांना लिहिता येत नाही. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुम्हाला मराठी बोलता येत नव्हतं, पण वाचता येत होतं. पाचवीपर्यंतची हिंदी त्याला पुरली. आफरीनच्या वहीत मी लिहिलेल्या सूचना तुम्ही बोट ठेवून वाचायच्या आणि अडलेला शब्द तिला विचारायच्या. हे पत्रही तसंच वाचलं असतंत. यात अडण्यासारखं काही नाही. जे आहे ते मी समोर बसून सांगायला हवं होतं, इतकंच.

तुम्ही पहिल्यांदा शाळेत आलात ते दिवाळीनंतर. बंजारा तांड्यावरची मुलं तेव्हा आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात आणि वर्ग अर्धा होतो. आमच्या मानोऱ्याकडून माणसं बाहेर जातात. बाहेरून इथे पोट भरायला कुणी येईल, याचंच मला नवल वाटलं. तुम्ही दारात उभ्या होतात. बुरख्याचा पडदा मागे टाकलेला, हाताशी सात वर्षांची मुलगी. इर्शादभाई मोटारसायकलवरून उतरलेच नाहीत. रस्त्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी नुकतीच बेकरी सुरू केली होती आणि भट्टी पेटलेली सोडून ते आले होते.

मी म्हटलं, तालुक्याच्या गावी उर्दू शाळा आहे, मुलीला सोपं जाईल. तुम्ही मान हलवलीत.

"यहीं रहना है तो यहीं की बोली सीखे. मैं दवाखाने में उँगली रखके दर्द बताती हूँ. ये मुँह से बताए."

मला तुम्ही त्या क्षणी आवडलात. हे खोटं नाही. बाकीचं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

मी काही वाईट शिक्षिका नव्हते, भाभी. उत्तर प्रदेशातल्या तुमच्या गावच्या शाळेचा दाखला यायला चार महिने लागले; त्यासाठी मुलीला एक दिवसही घरी बसवलं नाही. आधारकार्डावरचा पत्ता बदलायला तुमच्याबरोबर मी स्वतः मानोऱ्याला आले. आफरीनला बसवलं ते तांड्यावर आजीजवळ राहिलेल्या एका मुलीशेजारी. तिच्या घरी गोरमाटी बोलतात, तीही मराठी शाळेत येऊनच शिकलेली. न कळणाऱ्या भाषेत दिवसभर बसणं म्हणजे काय, हे वर्गात तिलाच माहीत होतं. हे सगळं मी त्या दोन पानांत लिहू शकते आणि ते खरंही आहे.

नवीन मूल आलं की आठवड्याच्या आत त्याच्या घरी जायचं, हा माझा नेम. तुमच्याकडे आले तो गुरुवार होता.

बेकरीच्या मागची एकच खोली. टोस्टचा वास भिंतीतून आत येत होता. फरशी पुसलेली, चादर नवी. तुम्ही सकाळपासून तयारीत होता, हे आफरीनच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, झाकलेल्या भांड्यांकडे बघत होती. मग तुम्ही ताट आणलंत. पुऱ्या, बटाट्याची भाजी, शेवयांची खीर. मॅडम हिंदू आहेत म्हणून विचार करून केलेलं.

मी म्हटलं, "आज माझा गुरुवार आहे. उपास."

हे मला शिकवलेलं होतं. माहेरी, रिठदला, माझी आई म्हणायची, कोणी ताट वाढलं तं नाही म्हणू नये, उपास हाय म्हणावं. समोरच्याचं मन राह्यते. आमच्या घरात हे सगळ्यांना येतं. कुणाला काय सांगायचं, कोणत्या वाराला कोणता देव, सगळं तोंडपाठ. मी ते खोटं म्हणून बोललेच नाही. सभ्यपणा म्हणून बोलले.

का बोलले? तुमचं घर स्वच्छ होतं. अन्न शाकाहारी होतं, आणि तसंही आमच्याकडे रविवारी मटण शिजतं. सासरी सोवळं नाही, ओवळं नाही. मी बरेच दिवस कारण शोधत होते. कारण एवढंच सापडलं की आमच्या घरातलं कुणी कधी तुमच्यासारख्यांच्या घरी जेवलेलं नव्हतं, आणि पहिली मी होऊ इच्छित नव्हते. हे कारण आहे का? माणूस यालाही कारण म्हणतो.

तुम्ही एकदम ताट मागे ओढलंत. घाबरलात. "रोजे से हैं आप? माफ करना, सामने रख दिया." ताटावर ओढणी टाकलीत, भांडी पलंगाखाली सारलीत. आफरीनने एक पुरी हातात घेतलेली होती. तुम्ही तिला डोळ्यांनी खूण केलीत आणि तिने ती परत ठेवली. मॅडमचा उपास, त्यांच्यासमोर खायचं नाही. मी अर्धा तास बसले, तिच्या अभ्यासाबद्दल बोलले. तेवढा वेळ त्या घरात कुणी काही खाल्लं नाही.

तुमच्याकडे उपास म्हणजे खरोखरच उपास असतो, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

पुढच्या गुरुवारी आफरीनने दप्तरातून केळं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. "अम्मी ने भेजा. आज आपका है ना?" त्याच्या पुढच्या गुरुवारी दोन खजूर. मग परत केळं. केळ्याला साल असतं, भाभी. केळं मी खाल्लं. खजूर पर्समध्ये राहिले.

मग तुम्ही मला रस्त्यात गाठलंत आणि शुक्रवारी जेवायला बोलावलंत. जुम्मा आहे, उपास नाही, आता तर याल! मला तेव्हा हसून हो म्हणता आलं असतं. एक वाकलेलं खोटं सरळ करायची तीच वेळ होती. मी दुसरं जोडलं. म्हटलं, हे गुरुवार चालू आहेत तोवर मला परान्न चालत नाही, दुसऱ्याच्या घरचं अन्न कोणत्याच दिवशी नाही. असं व्रत असतंही. फक्त माझं नव्हतं.

"मन्नत है?" तुम्ही हळूच विचारलंत.

मी मान डोलावली. कशाची, हे तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही म्हणालात, मीही दुआ करेन, तुमची मन्नत पुरी होवो. आणि ज्या दिवशी होईल त्या दिवशीचं पहिलं जेवण आमच्याकडे. मी हो म्हटलं. लांबचं वचन द्यायला काही लागत नाही.

आता शाळेतलं सांगते. हे तुम्हाला कधीच कुणी सांगितलं नाही, अशी माझी समजूत आहे.

मुलांना खिचडी वाढायच्या आधी एका शिक्षकाने ती खाऊन बघायची असते आणि चव नोंदवहीत सही करायची असते. कोणत्याही दिवशी, कोणताही वार असो. खिचडी शिजवणाऱ्या सुलाबाई चुलीवरून वाटीभर आणून द्यायच्या, मी वर्गाच्या दारात उभी राहून खायची, "चव योग्य" असं लिहून सही करायची. रोजचंच काम. कुणी बघत नाही.

आफरीन बघत होती. गुरुवारी सकाळी तिने माझ्या टेबलावर केळं ठेवलेलं असे आणि दुपारी मी तिच्यासमोर खिचडी खात असे. माझ्या लक्षातही आलं नाही. सुलाबाईंच्या आलं. एकदा वाटी हातात देताना त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या गुरुवारले खिचडी चालते काय?" मी म्हटलं, सरकारी काम आहे. त्या हसल्या. "हो ना. देवालेबी जीआर पाठवला असन मंग."

त्यानंतर काही दिवसांनी आफरीनने खिचडी खाणं बंद केलं. पोरं रांगेत ताटं घेऊन बसली की ती व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभी राहायची. विचारलं की म्हणायची, "माझा गुरुवार हाय." शिकलेल्या पहिल्या दहा मराठी वाक्यांतलं हे एक. पोरं हसली. मीही हसले. मला ते गोड वाटलं, मॅडमची नक्कल करते म्हणून. शिक्षकखोलीत सांगितलंसुद्धा.

मग मंगळवारीही तिचा गुरुवार असू लागला. शनिवारीही.

सुलाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ते नक्कल नाही करून राह्यली. तिच्या बाजूच्या दोन पोरी ताट उचलून तिकडं सरकल्या होत्या. दोनदा. तुमी तवा वहीत सही करून राह्यल्या होत्या."

भाभी, मुलीने माझं खोटं ओळखलं होतं आणि ते वापरलं होतं. तिला एवढंच समजलं होतं की इथल्या लोकांमध्ये जिथे बसायचं नसतं तिथे असं म्हणतात. नकोही म्हणावं लागत नाही, भांडावं लागत नाही, रडावं लागत नाही. मोठी माणसं असंच करतात. सात वर्षांच्या मुलीला मी या शाळेत पहिली जी गोष्ट नीट शिकवली, ती ही.

मी काय केलं? त्या दोन मुलींना उभं केलं, समजावलं, सगळी मुलं सारखी असतात असं म्हटलं. त्या रडल्या. दुसऱ्या दिवशी आफरीन परत व्हरांड्याच्या टोकाला.

जे केलं ते सुलाबाईंनी केलं. खिचडी उतरायच्या वेळी त्यांनी तिला चुलीजवळ बोलावलं. "इकडं ये वं. माहा दात दुखून राह्यला, मले चव नाही समजत. मीठ पाह्य." आफरीनने चमचाभर खाल्लं, विचार केला आणि म्हणाली, "थोडं कम हाय." सुलाबाईंनी मीठ टाकलं. परत चाखायला दिलं. दुसऱ्या दिवशी परत दात दुखला. आठवडाभर दुखला. मग पोरंच विचारू लागली, आज आफरीननं पाह्यलं काय? एके दिवशी हळद जास्त झाली, तिने नाक मुरडलं आणि सगळी रांग हसली. पातेलं रांगेत आलं की तीही पळी घेऊन मागे येई, आणि शेवटी जिथे जागा असेल तिथे बसे. त्या दोन मुली कधी परत तिच्याजवळ सरकल्या, ते मला माहीत नाही. त्याही वेळी मी सही करत असेन.

नोंदवहीत सही माझी आहे. चव तिची होती. केंद्रप्रमुख ज्याला माझं काम म्हणतात, ते हे.

सुलाबाई तुमच्याकडे जेवल्या हे मला त्यांनीच सांगितलं. न बोलावता गेल्या होत्या, आफरीनची शाळेत राहिलेली बाटली द्यायला. तुम्ही बस म्हणालात आणि त्या बसल्या. "चार पुऱ्या खाल्ल्या. दोन जास्तच झाल्या," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुमचं इचारत होती. मॅडमचे गुरुवार किती राह्यले म्हणे. मी म्हटलं लय कडक करतात त्या. तुमच्यापायी खोटं बोलली मी. पुढच्या खेपीले तुमीच सांगा."

मी सांगितलं नाही.

ईदला तुम्ही शीरखुर्म्याचा डबा पाठवलात. परान्न चालत नाही, तरी घरच्यांसाठी, असा निरोप होता. डबा मी सुलाबाईंना दिला. त्यांनी तो पोरांना वाटला. मी डबा घासला आणि त्यात साखर भरून परत पाठवला. रिकामा डबा परत देऊ नये, ही रीत मी पाळली. भरलेला डबा खावा, ही नाही. नंतर तुम्ही विचारलंत, कैसा लगा घर में? मी म्हटलं, खूप छान, मुलांनी वाटी चाटली. ते तेवढं खरं होतं.

आणि टोस्ट! माता-पालक सभेत तुम्ही सगळ्या बायांसाठी टोस्ट आणले होते. चहाबरोबर मी दोन खाल्ले. बोलता बोलता म्हटलं, आमच्याकडे सकाळी रोज तुमचेच टोस्ट असतात, गावातल्या दुकानातून येतात. मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुमच्या नवऱ्याच्या हातचं मी रोज खात होते, भट्टी आणि खोली यांच्यामध्ये फक्त एक भिंत होती, आणि परान्न सुरू होत होतं ते त्या भिंतीपासून. ते तुमच्या ध्यानात आलं का तेव्हा? तुम्ही एवढंच म्हणालात, "और लीजिए ना."

तुम्ही मला एकदा तरी विचारायला हवं होतं, भाभी. ही माझी तक्रार आहे. तक्रार करायचा मला हक्क नाही, तरी आहे. एकदा तोंडावर म्हटलं असतंत, मॅडम, खाना नहीं है तो बोल दो, तर मी लाजेने का होईना ताटावर बसले असते. तुम्ही मला इतकं सांभाळून का घेतलंत? परक्या गावात राहणाऱ्याला असं करावंच लागतं का? मी मुलीला रुळवत होते असं मला वाटत होतं. तुम्ही मला रुळवत होतात. वाट बघत होतात.

शेवटची भेट पावसाळ्यातली. कावीळ झाली होती. आफरीन आठ दिवस शाळेत नव्हती म्हणून मी आले. तुम्ही भिंतीला टेकून बसल्या होतात, डोळे पिवळे. दुसऱ्या दिवशी अकोल्याला न्यायचं ठरलं होतं. इर्शादभाई पिशवी भरत होते. आफरीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या लावून ठेवत होती आणि कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, हे मला सांगत होती. मराठीत, न अडखळता. तुम्ही तिच्याकडे बघत होता. तुम्हाला हवं होतं ते झालं होतं.

तुम्ही विचारलंत, "मन्नत पूरी हुई, मॅडम?"

त्या खोलीत तेव्हा आपण चौघंच होतो. मी म्हणू शकले असते, की कसलीही मन्नत नव्हती, नसीमभाभी, मला माफ करा, आत्ता घरात काय असेल ते वाढा. चुलीजवळ झाकलेलं काहीतरी होतं. मी म्हटलं, थोडे गुरुवार राहिलेत.

तुम्ही हसलात. "अभी तो मेरा भी परहेज है. तेल नहीं, मिर्च नहीं. दोनों का साथ में छूटेगा."

अकोल्याहून आले की जेवण, असं ठरलं.

अकोल्याहून तुम्हाला आणलं. जेवण राहिलं. शाळेत बातमी सुलाबाईंनी सांगितली. त्या दिवशी वाटी हातात देताना त्यांनी वार विचारला नाही. मी सही केली.

काल तुमचा चाळिसावा झाला. इर्शादभाईंनी शाळेत येऊन सांगितलं होतं. मला म्हणाले, आप सिर्फ आ जाइए, आपके लिए फल रख देंगे. काल गुरुवार होता.

सुलाबाई आणि मी बरोबर गेलो. पुरुष बाहेर मांडवात, बाया आत. पठण झालेलं होतं. भिंतीजवळ तुमची जागा होती तिथे कुणी बसलेलं नव्हतं. सुलाबाई चादरीवर बसल्या आणि शेजारची जागा हाताने झटकून म्हणाल्या, "बसा, मॅडम." आफरीन माझ्यासमोर केळी आणि सफरचंद ठेवून उभी राहिली. पांढरी ओढणी, चेहरा तुमचा.

मी म्हटलं, "आफरीन, मी जेवणार आहे."

ती खाली वाकली. कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "आज गुरुवार हाय, मॅडम."

"माझा गुरुवार नव्हता. कधीच नव्हता."

"मले माहीत हाय."

"अम्मीला सांगितलं होतंस?"

तिने मान हलवली. नाही.

"का गं?"

"ते वाट पाहून राह्यली होती."

भाभी, हे मी जसं ऐकलं तसं लिहिलं आहे. दोन वर्षं ती मुलगी रोज दुपारी मला खाताना बघत होती आणि गुरुवारी सकाळी तुमच्या हातून केळं घेऊन येत होती. तुमची वाट मोडू नये म्हणून. माझी लाज तुमच्या दारात तिने सांभाळली. आणि मी तिला पाढे शिकवत होते.

ती आत गेली. मला वाटलं इतरांसारखं ताट आणेल. तिने पेटीतून एक ताट काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. कागद सोडला, पुसलं, त्यात डाळ-भात आणि गोड पिवळा भात वाढून आणला. स्टीलचं नवं ताट. बाकी सगळ्यांसमोर जुनी, काठाला चेपलेली.

मी जेवले. आफरीन समोर बसून बघत होती. "मीठ बराबर हाय काय, मॅडम?" मी म्हटलं, बरोबर आहे. शाळेत ते वाक्य मी किती वेळा लिहिलं आहे. काल पहिल्यांदा म्हटलं.

भात संपत आला तसं खाली काहीतरी दिसलं. दुकानाचा कागदी स्टिकर. ताटाच्या मधोमध, तसाच.

"अम्मीनं बजारातून आणलं होतं," आफरीन म्हणाली. "तुमचे गुरुवार सरले की वाढाले. यात कोणी खाल्लं नाही हे तुमाले दिसलं पाह्यजे म्हणे. म्हणून ते चिठ्ठी काढू देत नव्हती."

कधी आणलं, मी विचारलं. मागच्या उन्हाळ्यात, म्हणाली.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. की नव्हतं? मन्नत खरी मानून, तिच्या मानाला नवं ताट आणलं होतंत? की माझ्या न जेवण्याचं कारण तुम्हाला माझ्याआधी सापडलं होतं, आणि त्यावर रागावण्याऐवजी तुम्ही बाजारात गेलात? मी काल रात्रभर हे दोन्ही प्रश्न उलटेसुलटे करून बघितले. कोणतंही उत्तर आलं तरी मला मान वर करता येत नाही. तुम्हाला आता विचारता येत नाही, आणि विचारता येत होतं तेव्हा मी टोस्ट खात होते.

जेवण झाल्यावर मी ताट धुवायला उचललं. आफरीनने ते हातातून घेतलं. मोरीवर बसून धुतलं, मग ओल्या स्टिकरला नख लावलं. तो एकदम निघाला नाही, तुकड्यातुकड्याने निघाला. थोडा चिकटा राहिला, तो तिने राखेने घासला. मग ते ताट पेटीत न ठेवता फळीवर ठेवलं, इतर ताटांच्या मध्ये. मला वाटलं, आत्ता तरी ते चकाकतं आहे, ओळखू येतं. दोनचार महिन्यांत येणार नाही.

केंद्रप्रमुखांना उद्या दोन पानं देईन. त्यात सुलाबाईंचा दुखरा दात असेल, आफरीनचं मीठ असेल आणि गृहभेटीखाली जे झालं तेच असेल. वाचून दाखवायचं असेल तर त्यांनी वाचावं. तांड्यापलीकडे परवाच एक कुटुंब आलं आहे, कुठल्या गावचं अजून नीट कळलेलं नाही. तीन मुलं आहेत. हजेरीत त्यांची नावं लिहीन ती त्यांच्या घरी बसून काहीतरी खाल्ल्यावर. आणि तुमच्याकडे दर गुरुवारी येईन, भाभी. दुपारी नाही, शाळा सुटल्यावर. फळीवरून आफरीनच्या हाती जे ताट येईल त्यात जेवेन. तुम्ही आणलेलं कोणतं, हे विचारणार नाही.

तुमच्या आफरीनची मॅडम,
वंदना